द्वारकाबाईंचं उघडं दार

जळकोट मागं पडलं की हायवे किंचित उताराला लागतो. त्या उताराच्या पायथ्याशी, दक्षिणेला, एक गाव आहे. एसटी तिथं हात केला तरच थांबते, आणि हात करूनही पुष्कळदा थांबत नाही. गावात शिरताना पहिली इमारत अंगणवाडीची. एक खोली, तिच्याच कोपऱ्यात कोंबलेलं स्वयंपाकघर, वर पत्रे आणि निळं लोखंडी दार.

पहिला महिना सोडला, तर पंचवीस वर्षांत अंगणवाडीच्या वेळेत हे दार कधी बंद झालं नव्हतं. त्याला आतून कडीच नव्हती. बांधणाऱ्यानं बसवलेली कडी द्वारकाबाईंनी पहिल्याच वर्षी कापून काढायला लावली होती. संध्याकाळी बाहेरून कुलूप पडे, तेवढंच.

का, म्हणून विचारलं तर गावातलं कुणीही सांगे, भूकंपामुळं. त्र्याण्णव साली द्वारकाबाई नव्या नवरी होत्या. गौरी-गणपतीला लोहाऱ्याकडं माहेरी गेलेल्या. विसर्जनानंतरच्या पहाटे घर बसलं आणि त्या एका दाराआड पाच तास अडकून पडल्या. धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून बाईंना मिटलेलं दार सोसत नाही, असं लोक म्हणत. ऐकणाऱ्याला ते लगेच पटे.

द्वारकाबाईंना पटत नसे. “दगडानं दार अडलं होतं,” त्या म्हणत. “कडी लावलेलीच न्हवती. उगं कशाला काय बी जोडू नका.”

त्यांचं कारण वेगळं होतं. त्या कारणाचं नाव बलभीम.

नोकरीचा पहिलाच महिना होता. पट भरायचा म्हणून द्वारकाबाई घरोघर फिरून लेकरं गोळा करत होत्या. चार वर्षांचा बलभीम आईच्या कडेवरून उतरेना. त्यांनी त्याला उचलला आणि आत ओढला. त्यानं दाराची चौकट धरली. तो रडला नाही, ओरडला नाही, नुसता धरून राहिला. त्या ओढत राहिल्या. शेवटी हात सुटले तेव्हा एका बोटाचं नख उलटलं होतं. त्यांनी दार लावलं, कडी घातली. दोन तास तो कडीकडं बघत उभा होता, खोलीकडं पाठ करून. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, नंतरही कधी नाही. पुढं शाळेतही टिकला नाही.

आता तो तिशीला आलाय. हायवेला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, हातात कसब आहे. पण ग्रामपंचायत असो, बँक असो, बायकोच्या बाळंतपणात दवाखाना असो, तो उंबऱ्यापर्यंत जातो आणि थांबतो. कागद कुणाच्या तरी हातात देऊन आत पाठवतो. गाव हसतं. “ये की आत बलभीम, कुत्रं बांधून ठिवलंय!” तोही हसतो. द्वारकाबाईंना मात्र त्याला कुठल्याही दारात उभा पाहिला की आपल्या उजव्या हाताचं काय करावं ते कळेनासं होई.

त्यांचं खरं प्रशिक्षण तेच. सरकारी एक महिन्याचं नंतर झालं, त्यात तक्ते आणि वजनकाटा शिकवला.

त्यानंतर त्यांनी एकाही लेकराला आत ओढलं नाही. नवं लेकरू आलं की उंबऱ्यावर बसे. एक दिवस, आठ दिवस, महिनाभर. आत चिंचोक्यांच्या राशी मांडल्या जात. ओल्या मातीचं जातं, ट्रॅक्टर, मोबाईल वळले जात. गाणी चालत. खिचडी आली की लेकरंच एकमेकांना वाढत. आज वाढणाऱ्यानं शेवटी खायचं, हा नियम. उंबऱ्यावरचं लेकरू हे सगळं बघत राही. पाठीमागं रस्ता मोकळा, पुढं खोली मोकळी. मग कधीतरी, कुणाचं लक्ष नसताना, ते उठे आणि आत येई.

“आपल्या पायानं आलं ते लेकरू,” द्वारकाबाई म्हणत. “उचलून आणलं ते सामान.”

पालकांना हे कळे असं नाही. कुणीतरी दारात उभं राहून विचारीच.

“बाई, एबीसीडी कवा घेणार? माझ्या भैनीचं पोरगं नळदुर्गला जातंय, टाय लावून.”

“मग काय शिकलं?”

“पोयम म्हनतंय की.”

“कशाची हाय पोयम?”

“इंग्रजीत हाय. आमाला काय कळतंय?”

“त्याला कळतंय का?”

यावर हसू येई, आणि चार दिवसांनी आणखी एक लेकरू नळदुर्गच्या पिवळ्या गाडीत बसलेलं दिसे. द्वारकाबाई जाणाऱ्या गाडीला हात करत. आतलं लेकरू काचेला नाक लावून बघे.

मदतनीस विठाबाई त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. लोकांसमोर ‘बाई’ म्हणत, दोघीच असल्या की ‘द्वारके’. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “द्वारके, तुझं सगळं बरोबर हाय. पन पैलं आंगन हुतं. लिंब हुता. दारातनं लेकरू निसटलं तर लिंबाला शिवून माघारी यायचं. आता दारातनं निसटलं तर कुठं जाईल?”

हे खरं होतं. हायवे चौपदरी झाला तेव्हा अंगण गेलं आणि लिंबही गेला. आता दारापासून वीस पावलांवर सर्व्हिस रोड, त्याच्यापलीकडं गाड्यांचा लोंढा. मधे जी पट्टी उरली तिच्या मोजणीचा वाद चालू होता, त्यामुळं कुंपण घालता येत नव्हतं. कागदावर ती जागा कुणाचीच नव्हती. द्वारकाबाईंनी दाराचा नियम बदलला नाही, स्वतःची जागा बदलली. त्या आता भिंतीशी बसत नसत, दाराच्या समोर बसत. डोळे दारावर. गाणं म्हणतानाही, मातीत हात असतानाही. खिचडीचा घास तोंडात असतानाही. सहा वर्षं त्या अशा बसल्या. मोकळं दार राखायला त्यांनी स्वतःला त्या दाराला बांधून घेतलं होतं, आणि दिवस संपला की मान दुखे.

रस्त्याचाही त्यांनी धडा केला होता. पवनचक्कीची पाती वाहणारे लांबलचक ट्रेलर त्या उतारावरून जात. पुढं शिट्टी मारणारी एक गाडी, मागं गावाच्या गल्लीएवढं पांढरं पातं. शिट्टी ऐकू आली की द्वारकाबाई सगळ्या लेकरांना हाताला हात धरून पट्टीच्या कडेला नेत आणि चाकं मोजत. बावीस, चोवीस, एकदा तर अठ्ठावीस निघाली. अंक शिकवायला त्यांना दुसरं काही लागत नसे. शंभू नावाचा साडेतीन वर्षांचा मुलगा त्या पात्यांसाठी वेडा होता. शिट्टी त्याला सगळ्यांच्या आधी ऐकू येई.

जूनमध्ये हमिदाबी नातीला घेऊन आल्या. मिनाज, वय चार. हमिदाबींचा मुलगा झुबेर हायवेच्या पलीकडं पंक्चर काढतो. सुनेला जुळं झालेलं, म्हणून मिनाजला आणणं-नेणं आजीकडं.

“जा गे अंदर,” आजी म्हणाल्या. पोरगी पायरीवर बसली. “बाई, वढा की हिला आत. म्या हितं किती वेळ उभी ऱ्हाऊ? घरी दोन दोन रडायलेत.”

“बसू द्या, चाची. ती यील.”

“कवा यील?”

“ते तिलाच ठाव.”

“या अल्ला,” हमिदाबी म्हणाल्या. “दोगीबी सारख्याच भेटल्या.”

मिनाज बोलत नसे. घरी खूप बोलते, असं आजी सांगत, जुळ्यांना रागावतेसुद्धा. इथं एक शब्द नाही. जून-जुलै ती बाहेरच्या पायरीवर होती. नागपंचमीनंतर उंबऱ्यावर आली. दसऱ्याला तिचा एक पाय आत होता. दिवाळीच्या सुट्टीनं सगळं पुसलं, ती पुन्हा पायरीवर गेली. मार्गशीर्षात दोन्ही पाय आत आले, पाठ चौकटीला. द्वारकाबाई हे अंतर मनात मोजत. इतक्या वर्षांत इतका वेळ कुणीच घेतला नव्हता. वीस लेकरांच्या खोलीत त्यांना कधीकधी ती एकटीच दिसे, दारातल्या उजेडात काळी पडलेली, ना आतली ना बाहेरची.

त्याच महिन्यात शिवरंजनी मॅडम भेटीला आल्या. पर्यवेक्षिका, वय सत्तावीस, धाराशिवच्या. स्कूटीवरून आल्या, हेल्मेट काढून आधी दाराकडं पाहिलं.

“द्वारकाबाई, मी मागच्या वेळी पण लिहून गेले होते. कडी.”

“व्हय मॅडम.”

“समोर हायवे आहे.”

“म्या बघतच असते, मॅडम. नजर हालत न्हाय माजी.”

“आणि ही मुलगी? फोटोत सगळी मुलं ओळीत लागतात. ही दरवेळी फोटोच्या बाहेर.”

“ती आत यायलीय. जवळ आलीय आता.”

शिवरंजनी मॅडम हसल्या. चांगल्या होत्या. त्यांनाही वर उत्तर द्यावं लागे. “संक्रांतीपर्यंत थांबते,” त्या म्हणाल्या. “मग कडी बसलेली दिसली पाहिजे. मला लिहावं लागेल, बाई. मी लिहिलं नाही तर माझ्यावर लिहिलं जाईल.”

म्हणजे महिना होता. एका महिन्यात मिनाजनं आपल्या पायांनी आत यायचं होतं. ती आली की द्वारकाबाई स्वतः कडी बसवणार होत्या. पुढच्या लेकरांचं काय, हा विचार त्यांनी बाजूला ठेवला. त्यांना एवढंच पाहिजे होतं, मिनाज येईपर्यंत दार उघडं राहावं.

तो मंगळवार वाटपाचा होता. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शिधा द्यायचा. पूर्वी सही घेऊन देत. यंदापासून प्रत्येकीचं तोंड मोबाईलसमोर धरायचं, तिनं डोळे मिचकवायचे, मग मोबाईल मानणार की ही तीच. रेंज मागच्या खिडकीशीच येई. म्हणून बायका बाहेर खिडकीशी रांग लावत आणि द्वारकाबाई आतून मोबाईल धरत, दाराकडं पाठ करून. एरवी अशा वेळी विठाबाई दारासमोर बसत. त्या दिवशी खिचडी खाली लागत होती, त्या पातेल्याशी होत्या.

खिडकीत अर्पिता उभी होती, शंभूची आई. सातवा महिना. चेहरा सुजलेला, मोबाईल तो मानेना.

“मिचकाव, अर्पिता.”

“किती येळा मिचकावू? तुमाला डोळा मारल्यागत व्हायलंय, बाई.” मागच्या बायका हसल्या.

“पदर काढ डोक्यावरचा. उजेडाकडं बघ.”

“जुन्या फोटूत म्या बारीक हाय. त्याला सांगा, लगीन झालं म्हनावं.”

हायवेवर कुठंतरी शिट्टी वाजली. द्वारकाबाईंना ती ऐकू आली होती. नंतर त्यांना हे नक्की आठवलं. मोबाईलवरचं पांढरं चाक फिरत होतं, अर्पिताचा चेहरा त्यात अडकलेला. कुणीतरी साडी ओढली. “थांब गं जरा,” त्या मागं न बघता म्हणाल्या. पुन्हा ओढली, जोरात. “बस म्हनलं ना. बस तितं.” चाक थांबलं. हिरवी खूण आली. “झालं गं बाई एकदाचं,” अर्पिता म्हणाली.

आणि दाराकडून पुरुषाचा आवाज आला. झुबेर उभा होता. हात ग्रीसनं काळे, कडेवर शंभू.

“बाई, ह्यो डिवायडरवर बसला हुता. कण्हेरीत.”

शंभूला काही झालं नव्हतं. ट्रेलरच्या मागं मागं तो दोन पदर ओलांडून गेला होता, कसा ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि मधल्या कण्हेरीत बसून चाकं मोजत होता. “सोळा,” तो सांगत होता, “सोळा झाली.” अर्पिता खिडकीकडून ओरडत धावत पुढं आली आणि त्याला झुबेरच्या कडेवरून ओढून घेऊन मारू लागली.

द्वारकाबाईंनी उंबऱ्याकडं पाहिलं. उंबरा रिकामा होता. मिनाज खोलीत होती. खोलीच्या पार टोकाला, खिडकीशी, त्यांच्या पायाजवळ, जिथं तिला कुणीच आणलं नव्हतं. ‘बस’ म्हटलं होतं म्हणून ती बसली होती. द्वारकाबाईंच्या साडीच्या निऱ्यांवर घामट मुठीची एक चुरगळ होती.

सहा महिने ज्याची वाट पाहिली ते असं पाठीमागून येऊन गेलं होतं. ती आली होती, सगळी खोली ओलांडून, सांगायला. ज्या नजरेच्या जिवावर दार उघडं होतं ती नजर मोबाईलमध्ये होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीसमोरच्या त्या पट्टीवर गाव जमलं. सरपंच आण्णासाहेबांना खुर्ची, शिवरंजनी मॅडमना खुर्ची, बाकीचे उभे. शंभूचे आजोबा बजरंग रात्रभर झोपले नव्हते, ते डोळ्यांवरून दिसत होतं.

“दाराला कडी न्हाय,” बजरंग म्हणाले. “पंचीस वर्सं आमी ऐकून घेतलं, बाईची रीत हाय, बाईची रीत हाय. रीत गेली खड्ड्यात. माजा नातू टायराखाली गेला असता.”

“मान्य हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“आन् ती पोरगी?” मागून कुणीतरी बोललं. “ती दारातच बसती की. तिच्या म्होरून गेला त्यो.”

“व्हय की. तोंड हाय का न्हाय तिला?”

“बघत बसली आसंल. त्यांच्यात...”

वाक्य पुरं झालं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. हमिदाबींनी पदर पुढं ओढला. कडेला उभा झुबेर हातातल्या फडक्यानं बोटं पुसत होता, पुसलेलीच पुन्हा पुसत होता. काल त्याच्या पाठीवर थापा मारणारे हात आज खिशात होते. मिनाज आजीच्या पायांमागं होती. तिला समजत होतं की नाही, सांगता येत नव्हतं. ती ऐकत होती.

द्वारकाबाई रात्रभर एकच वाक्य जुळवत होत्या. एका माणसाची एकदा चूक झाली म्हणून दाराला दोष देऊ नका, असं काहीतरी. कुंपणासाठी अर्ज करू, तोवर विठाबाई दारात बसतील, वाटप वेगळ्या वेळी ठेवू. त्यानं निभावलं असतं कदाचित. आण्णासाहेब ऐकून घेणारे होते. पण त्यासाठी काल मिनाज सांगायला आलीच नव्हती, असं राहू द्यावं लागणार होतं.

“ती आलती,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“मिनाज. शंभू गेला तसं ती उठून आत आली. माजी साडी वढली. दोनदा वढली. म्या तिला गप बस म्हनले.”



“म्हंजे पोरगी सांगायला आली,” आण्णासाहेब सावकाश म्हणाले, “आन् तुमी...”

“म्या बघितलं न्हाय.”

शिवरंजनी मॅडमनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. बजरंग दोन पावलं मागं सरकले. रागाला समोर भिंत लागते, इथं भिंत आपणहून पडली होती.

“मग काडून टाका बाईला,” मागचाच आवाज.

“कुनाला काडताव?” अर्पिता म्हणाली. शंभू तिच्या कडेवर होता, सातव्या महिन्याच्या पोटावर. “माजंच तोंड जुळत न्हवतं त्या मोबाईलात. बाई काय हौस म्हनून बघत हुत्या? मामंजी, तुमी तरी बोला. तुमचा ल्योक ह्यांच्याच हाताखाली शिकला.”

बजरंग खाली बघत राहिले. “बाईला काडा म्हनलं न्हाय म्या,” ते म्हणाले. “बाई चांगलीच हाय. कडी लावा एवढंच म्हनतो.”

द्वारकाबाईंना वाटलं, काढलं असतं तर बरं झालं असतं.

“सरपंच, कुंपन घालून द्या,” त्या म्हणाल्या. “कमरेएवढं. मग दार...”

“मोजनी व्हईस्तोवर एक खांब रोवता येत न्हाय, बाई. तुमाला ठावं हाय.”

“उंबऱ्यावर बसनारं लेकरू आसंल तर?”

“एक तर आत,” बजरंग म्हणाले, “न्हाय तर घरी.”

आण्णासाहेब उठले. “ठरलं मग. कडी वर, लेकराचा हात पोचनार न्हाय अशी. आन् लावायची बाईंनी सवता. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाय. इस्वास हाय आमचा तुमच्यावर.”

हा विश्वास त्यांनी मोठ्या मनानं दिला होता. तो नाकारता येण्यासारखा नव्हता.

दुपारी बलभीम मशीन घेऊन आला. गावात दुसरा वेल्डर नाही. वायर बाहेरून ओढली, उंबऱ्याशी थांबला. कडी आतल्या अंगाला बसवायची होती. तो बराच वेळ दाराकडं पाहत राहिला, जसं काही आतली बाजू बाहेर आणता येईल.

“आत यावं लागंल, बलभीम,” द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं धरले होते.

“व्हय, बाई.”

तो आत आला. चष्मा लावला, ठिणग्या उडाल्या, दहा मिनिटांत काम झालं. त्यानं कडी दोनदा सरकवून पाहिली. मग चष्मा वर करून खोलीभर नजर फिरवली. तक्ते, सतरंजी, चिंचोक्यांचे डबे, कोपऱ्यातला वजनकाटा.

“एवढंच हाय व्हय आत?” तो म्हणाला.

त्यानं वायर गुंडाळली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला सगळी लेकरं आली. हमिदाबी मिनाजला घेऊन आल्या. रात्री घरी तिला काय सांगितलं होतं कोण जाणे. ती पायरीवर थांबली नाही, उंबऱ्यावरही नाही. सरळ आत आली आणि सतरंजीवर ओळीच्या शेवटी बसली, मांडी घालून, हात मांडीवर. नळदुर्गच्या गाडीतली लेकरं बसतात तशी.

“बगा,” हमिदाबी दारातून म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. “बसली का न्हाय? कडीच पायजे हुती.”

विठाबाईंनीही मान डोलावली. शिवरंजनी मॅडमनी फोटो मागवला होता. द्वारकाबाईंनी काढला. वीस लेकरं, सरळ ओळ, मिनाज फोटोच्या आत. तिकडून अंगठा आला, आणि ‘छान’.

मग त्या उठल्या, टाचा उंचावल्या आणि कडी सरकवली. आवाज मोठा नव्हता. लेकरांनी एकदा वर पाहिलं आणि चिंचोक्यांकडं वळली. दारातून येणारा उजेडाचा लांबट तुकडा सतरंजीवरून नाहीसा झाला. खोलीत ट्यूब लावावी लागली. द्वारकाबाईंना आता दाराकडं बघायची गरज नव्हती. त्या भिंतीशी जाऊन बसल्या, आणि मान कुठं वळवावी ते त्यांना समजेना.

गाणं झालं. मिनाजचे ओठ हलले नाहीत. मातीचा गोळा तिच्यासमोर ठेवला, तिनं हात लावला नाही. शंभू तिच्याशेजारी ट्रेलर करत होता. एरवी तयार झालेला ट्रेलर तो पायरीवर नेऊन लेकरांना दाखवे. आता त्यानं दाराला दोन चापट्या मारल्या आणि परत येऊन बसला.

थोड्या वेळानं मिनाजच्या खाली सतरंजी ओली झाली. लेकरांना शू लागली की ती उठून बाहेर जात, विचारायची रीतच नव्हती. आता विचारावं लागणार होतं आणि तिनं विचारलं नव्हतं. ती हलली नाही. तशीच बसून राहिली, हात मांडीवर, ओल वाढू देत.

“अगं बया,” विठाबाई उठल्या.

“तुमी बसा,” द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी मिनाजला उठवलं, कोपऱ्यात नेलं. बादलीतलं पाणी घेतलं, पाय धुतले. पेटीतून कुणाचातरी जुना झगा काढला. मिनाजनं हात वर केले, खाली केले, सांगितलं तसं.

“त्या दिवशी तू आलतीस,” द्वारकाबाई हळू म्हणाल्या. गुंड्या लावत होत्या, वर बघवत नव्हतं. “म्या बघायला पायजे हुतं. तू बरोबर केलतंस. म्या चुकले.”

मिनाजनं त्यांच्याकडं पाहिलं. तिचे ओठ उघडले. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत तिचा आवाज आला. तो घोगरा होता, वयाच्या मानानं मोठा.

“दादी कब आती?”

द्वारकाबाईंनी शेवटची गुंडी लावली.

“दीड वाजता,” त्या म्हणाल्या.

मिनाजनं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तिला अजून घड्याळ कळत नव्हतं. तरी ती बघत राहिली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.